खेळाच्या व्यवस्थापनात करिअर करायचंय? आधी काम ठरवा, मग पदवी

बारावीचा निकाल लागला की दोन प्रकारची मुलं स्पोर्ट्स मॅनेजमेंटकडे वळतात. काही जण जिल्हा, विभाग पातळीपर्यंत खेळलेले असतात आणि त्यांना आता मैदान सोडवत नाही. काही जण स्वतः फारसे खेळलेले नसतात, पण आयपीएलच्या लिलावात कुठल्या संघाकडे किती पैसे शिल्लक होते हे त्यांना तोंडपाठ असतं. दोघांनाही या क्षेत्रात जागा आहे. अडचण अशी, की दोघांच्याही हाती आधी पडतं ते एखाद्या खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक. वर स्टेडियमचा फोटो, खाली पदवीचं नाव: बीबीए इन स्पोर्ट्स मॅनेजमेंट. नावातच सगळं आलं असं वाटतं आणि घरचे पहिला हप्ता भरून मोकळे होतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या बहुतेक मुलामुलींनी पहिली पदवी कुठेही चालेल अशी घ्यावी, त्या तीन-चार वर्षांत मैदानावर जमेल तेवढं काम करावं आणि खेळाचं खास शिक्षण त्यानंतर, गरज असेल तरच घ्यावं. याला अपवाद आहेत, तेही पुढे सांगतो. पण सुरुवात पदवीपासून करायची नाही, कामापासून करायची.

पायरी १: नेमकं कुठलं काम करायचंय?

या क्षेत्रात सात-आठ अगदी वेगवेगळी कामं आहेत. एकाला लागणारा स्वभाव दुसऱ्याला चालत नाही, आणि लागणारं शिक्षणही वेगळं.

सगळ्यात जास्त माणसं लागतात स्पर्धेच्या आयोजनात. या धंद्यात त्याला 'ऑपरेशन्स' म्हणतात. २००८ मध्ये आयपीएल आली, २०१४ मध्ये प्रो कबड्डी आणि इंडियन सुपर लीग, २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो, २०२३ मध्ये महिलांची प्रीमियर लीग. त्यात दर जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन आणि आता जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात होणाऱ्या हाफ मॅरेथॉन धरा. हे सगळं उभं करणारी माणसं टीव्हीवर कधीच दिसत नाहीत.

त्यांचा दिवस कसा असतो ते बघा. कबड्डीचा सामना रात्री आठला असेल तर ऑपरेशन्सचा माणूस सकाळीच हॉलमध्ये हजर असतो. मॅटचे तुकडे नीट बसलेत का, कुठे जोड उचकटलाय का. दोन्ही संघांच्या बस हॉटेलवरून कधी निघणार, पंचांची गाडी वेगळी सांगितली आहे ना. ओळखपत्रांच्या टेबलावर आज कोण बसणार. 'मी साहेबांचा माणूस आहे' म्हणत खेळाडूंच्या खोलीपर्यंत येणाऱ्याला न दुखावता बाहेर कोण ठेवणार. ॲम्ब्युलन्स दारात आहे, पण तिच्यासमोर केटरिंगचा टेम्पो उभा आहे, तो हलवायचा. राष्ट्रगीताची ध्वनिफीत कोणाच्या लॅपटॉपमध्ये आहे आणि तो लॅपटॉप बंद पडला तर दुसरी कुठे आहे. प्रक्षेपण करणाऱ्यांना सगळं मिनिटाच्या हिशेबात लागतं, त्यामुळे प्रमुख पाहुणे उशिरा आले तरी सामना उशिरा सुरू होत नाही. रात्री अकराला हॉल रिकामा झाल्यावर उद्याच्या सामन्याची यादी सुरू.

हे वाचूनच थकवा आला असेल तर ही वाट तुमची नाही. वाचताना 'अरे, पार्किंगचं राहिलंच की' असं मनात आलं असेल, तर तुम्ही या कामाची माणसं आहात.

दुसरी वाट प्रायोजकत्वाची, म्हणजे स्पॉन्सरशिपची. पैसा इथून येतो. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. हा आकडा सगळ्यांना माहीत असतो, पण त्याच्या खालची साखळी फारशी कोणी बघत नाही. प्रक्षेपण कंपनीला तेवढ्या जाहिराती विकाव्या लागतात आणि प्रत्येक संघाला जर्सीची छाती, पाठ, बाही, सराव किट, मैदानाच्या कडेच्या पाट्या विकाव्या लागतात. कंपनीच्या मार्केटिंग प्रमुखाला बाहीवरच्या नावाचा उपयोग पटवून देणं हे निम्मं काम. हंगाम संपल्यावर तो उपयोग झाला हे आकड्यांत दाखवणं हे उरलेलं निम्मं, आणि तेच कठीण. ते ज्याला जमतं त्याचं नाव फार लवकर होतं, कारण त्याने किती रक्कम आणली हे कागदावर असतं. आपल्याकडे 'विक्री' म्हटलं की घरच्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. म्हणून मुद्दाम सांगतो, बोलकी, चिकाटीची आणि हिशेबात पक्की असलेली मुलं इथे सगळ्यात पुढे जातात.

बाकीच्या वाटा थोडक्यात. खेळाडूंचं व्यवस्थापन, म्हणजे त्यांचे करार, जाहिराती, प्रवास, कर. बाहेरून फार झगमगीत दिसतं, पण नोकऱ्या थोड्या. मैदानं, जलतरण तलाव, टर्फ, क्लब चालवणं, म्हणजे सुविधा-व्यवस्थापन. याच्याकडे कोणी वळून बघत नाही, पण काम जिल्ह्याजिल्ह्यात आहे आणि वाढतंय. मग माध्यमं: प्रक्षेपण, समाजमाध्यमं, मजकूर. आयपीएलचं डिजिटल प्रक्षेपण २०२३ पासून मराठीतही आलं, तेव्हापासून चांगलं मराठी बोलता-लिहिता येणाऱ्यांसाठी एक नवं दार उघडलंय. आकडेवारीचं विश्लेषण आणि क्रीडा कायदा या आणखी दोन वाटा. शेवटी संघटना, शासनाचा क्रीडा विभाग आणि सामाजिक संस्था. कंपनी कायदा २०१३ नुसार ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणावर केलेला खर्च कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत, म्हणजे सीएसआरमध्ये धरला जातो. त्यामुळे गावपातळीवर खेळ चालवणाऱ्या संस्थांकडे पगारी पदं तयार झाली आहेत.

एक गल्लत मात्र नेहमी होते. प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट, क्रीडा आहारतज्ज्ञ, क्रीडा मानसशास्त्रज्ञ ही व्यवस्थापनातली कामं नाहीत. फिजिओथेरपीच्या पदवीला महाराष्ट्रात नीट परीक्षेतून प्रवेश होतो. प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या पदविकेसारखे मार्ग आहेत. इम्फाळचं राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठही मुख्यतः प्रशिक्षण आणि क्रीडाविज्ञान शिकवतं. यापैकी काही मनात असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, ती वाट बारावीतच वेगळी होते.

पायरी २: कामावरून पदवी काढा

प्रायोजकत्व आणि मार्केटिंग आवडत असेल तर बीकॉम, बीएमएस, बीबीए किंवा अर्थशास्त्र घेऊन बीए, आणि पुढे मार्केटिंगमध्ये एमबीए. ऑपरेशन्ससाठी बीबीए चालतं, पण एक सल्ला फारसा कोणी देत नाही: हॉटेल मॅनेजमेंटचा विचार करा. पाहुण्यांची व्यवस्था, पाळ्यांमध्ये काम, पुरवठादारांशी घासाघीस, ऐनवेळी बिघडलेलं निस्तरणं हे तिथे पहिल्या वर्षापासून अंगवळणी पडतं. स्पर्धा भरवताना नेमकं हेच लागतं.

विश्लेषणाकडे जायचं असेल तर बीएस्सी संख्याशास्त्र किंवा संगणकाची पदवी. इथे 'स्पोर्ट्स मॅनेजमेंट' पदवीचा जवळजवळ काही उपयोग नाही. संघाला जो माणूस हवा असतो त्याला पायथन आणि एसक्यूएल या संगणकाच्या भाषा येत असतात, आणि कबड्डीतल्या डू-ऑर-डाय चढाईत, म्हणजे गुण आणलाच पाहिजे अशा चढाईत, चढाईपटू कुठल्या कोपऱ्याकडे जातो हा प्रश्न आकड्यांतून सोडवता येतो.

कायद्याकडे जायचं असेल तर बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी. ही वाट मला आज पूर्वीपेक्षा बरीच आशादायक वाटते. २०२२ मध्ये उत्तेजकविरोधी कायदा आला. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. त्यात क्रीडा महासंघांसाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ, वाद सोडवण्यासाठी लवाद, खेळाडूंच्या समित्या आणि सुरक्षित खेळाचं धोरण या गोष्टी आल्या. हे सगळं कागदावर आणि प्रत्यक्षात चालवायला कायदा कळणारी माणसं लागणारच. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत, तिथला प्रवेश क्लॅट या देशपातळीवरच्या परीक्षेतून होतो. राज्यातल्या इतर विधी महाविद्यालयांसाठी राज्याची सीईटी असते.

माध्यमांसाठी बीए मास मीडिया किंवा पत्रकारिता. सुविधा-व्यवस्थापनासाठी बीकॉम पुरतं, आणि तुम्ही स्थापत्य अभियंता असाल तर मैदान बांधण्यापासून ते राखण्यापर्यंत सगळं तुमच्याच हातात येऊ शकतं.

शासनाच्या क्रीडा विभागात जायचं असेल तर गणित वेगळं. क्रीडा अधिकाऱ्याच्या पदांसाठी सहसा पदवीसोबत शारीरिक शिक्षणाची पात्रता लागते. पदवीनंतर दोन वर्षांचा बीपीएड हा त्याचा नेहमीचा मार्ग. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं किंवा पुण्यातलं चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय अशी जुनी, नावाजलेली ठिकाणं आपल्याकडेच आहेत. तुम्ही राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळलेले असाल तर शासकीय नोकरीतलं खेळाडूंसाठीचं ५ टक्के आरक्षण लक्षात ठेवा, आणि खेळाच्या प्रमाणपत्राची पडताळणी जाहिरातीची वाट न बघता आधीच करून ठेवा.

पायरी ३: पहिली पदवी खास की सर्वसाधारण?

खरा पेच इथे आहे. मी सर्वसाधारण पदवीच्या बाजूने का आहे, तर या धंद्यात पायाखालची जमीन फार लवकर सरकते. गेल्या काही वर्षांतलीच उदाहरणं घ्या.

बालेवाडीत २०१८ पासून एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस मालिकेतली, महाराष्ट्र ओपन स्पर्धा होत होती. २०२३ नंतर ती पुण्यातून गेली. तिच्या आसपास उभं राहिलेलं कामही गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायच्या फँटसी खेळांचा धंदा एका फटक्यात थांबला. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हन या फँटसी कंपनीचं नाव गेलं आणि त्या कंपन्यांमध्ये करिअर बघणाऱ्यांना दुसरीकडे बघावं लागलं. त्याच वर्षी इंडियन सुपर लीगचा हंगाम रखडला, कारण फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. क्लबांचे पगार आणि सराव शिबिरं त्यात अडकली.

यात कुणा विद्यार्थ्याची चूक नव्हती. पण असं झाल्यावर बीकॉम किंवा बीएमएस झालेली मुलगी सहा महिने बँकेत, जाहिरात कंपनीत, ई-कॉमर्समध्ये काम करू शकते आणि खेळात संधी आली की परत येऊ शकते. केवळ 'स्पोर्ट्स मॅनेजमेंट' लिहिलेली पदवी घेऊन इतर क्षेत्रांच्या दारात उभं राहिलं की प्रत्येक वेळी समजावून सांगत बसावं लागतं. भरती करणाऱ्याला तेवढा वेळ नसतो.

आता अपवाद. तीन गोष्टी एकत्र असतील तर खास पदवी बारावीनंतरच घेण्यात अर्थ आहे: तुम्ही मुंबई-पुण्यात राहू शकता, संस्थेचे क्लब-लीग-कंपन्यांशी खरे संबंध आहेत, आणि पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची आहे. माजी कसोटीपटू नीलेश कुलकर्णी यांनी २०१० मध्ये मुंबईत सुरू केलेली इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स मॅनेजमेंट हे याचं ठळक उदाहरण. तिथे पदवी आणि पदव्युत्तर असे दोन्ही अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाच्या संलग्नतेने चालतात. मुंबईत शिकण्याचा मोठा फायदा वर्गाबाहेर असतो: वानखेडे, ब्रेबॉर्न, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, लीगची कार्यालयं, जाहिरात कंपन्या, सगळं लोकलच्या अंतरावर. २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी नेरूळला विश्वचषक उचलला, त्या मैदानावर काम करायला मिळालेल्या विद्यार्थ्याचं शिक्षण कुठल्या पुस्तकात मावणार नाही. पण हीच पदवी एखाद्या आडबाजूच्या कॅम्पसवर, जवळ ना क्लब ना स्टेडियम, अशा ठिकाणी घेतली तर हातात फक्त नोट्स उरतात.

पायरी ४: मान्यता स्वतः तपासा

हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळलं तर सगळ्यात महाग पडतं.

पहिला प्रश्न: गुणपत्रिकेवर नाव कोणाचं येणार? 'अमुक अकादमी' शिकवते, पण पदवी देणारं विद्यापीठ कुठलं, हे लेखी मागा. मग ते विद्यापीठ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या यादीत आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर बघा. तिथेच बनावट विद्यापीठांची यादीही असते, तीही उघडून बघा. परराज्यातल्या एखाद्या विद्यापीठाची पदवी तुमच्या शहरातल्या 'सेंटर'वर मिळणार असेल तर तिथेच थांबा आणि दहा वेळा चौकशी करा.

दुसरा: ही पदवी आहे, पदविका आहे की नुसतं प्रमाणपत्र? तिन्ही गोष्टी माहितीपत्रकात एकाच ठळक अक्षरात छापलेल्या असतात. बारावीनंतर तीन वर्षं घालवून पदविका हातात आली तर स्पर्धा परीक्षेला बसता येत नाही आणि एमबीएलाही अडतं.

तिसरा मुद्दा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी. २०२४ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांना राज्याची वेगळी सीईटी लागू झाली. त्यानंतर बऱ्याच महाविद्यालयांनी तोच अभ्यासक्रम बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज अशा नावाने सुरू ठेवला, त्याला ही सीईटी लागत नाही. दोन्हीत गैर काही नाही. मात्र तुम्ही कशासाठी अर्ज करताय हे नीट बघा, कारण सीईटीचा अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आगेमागेच भरावा लागतो आणि निकालानंतर जागे झालात तर ती संधी हुकू शकते.

पायरी ५: महाविद्यालयाला विचारायचे प्रश्न

प्रवेश समुपदेशकाला 'प्लेसमेंट कशी आहे' असं विचारू नका. 'उत्तम आहे' हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी असं विचारा:

गेल्या वर्षी पास झालेल्या मुलांपैकी आज किती जण खेळाशी संबंधित पगारी नोकरीत आहेत, आणि कोणत्या पदावर? इंटर्नशिप कोण मिळवून देतं, महाविद्यालय की विद्यार्थी स्वतः? ती किती आठवड्यांची, मानधनासह की फुकट? शिकवणाऱ्यांपैकी कोणी क्लबमध्ये, लीगमध्ये किंवा संघटनेत प्रत्यक्ष काम केलंय का? त्यांचा वर्ग दर आठवड्याला असतो की वर्षातून एकदा पाहुणे म्हणून येतात?

माहितीपत्रकावर एखाद्या संघाचं बोधचिन्ह असेल तर त्या संघात विद्यार्थ्याने काय केलं ते विचारा. दरवाजावर तिकिटं तपासणारा स्वयंसेवक आणि तीन महिने प्रायोजकांचे अहवाल बनवणारी इंटर्न, दोघांच्याही जागी माहितीपत्रकात एकच बोधचिन्ह छापता येतं.

मग लिंक्डइनवर त्या महाविद्यालयाचं नाव टाका, तीन-चार वर्षांपूर्वी पास झालेले माजी विद्यार्थी शोधा आणि त्यांना दोन ओळींचा सभ्य निरोप पाठवा. बरेच जण उत्तर देतात. तुम्ही त्या खुर्चीवर असता तर तुम्हीही दिलं असतं. त्यांना एकच विचारा: पुन्हा प्रवेश घ्यायचा झाला तर हेच घ्याल का?

पायरी ६: पैशांचा हिशेब कागदावर मांडा

समजा, खास अभ्यासक्रमासाठी आठ लाखांचं कर्ज काढलं, व्याज साडेदहा टक्के, फेड सात वर्षांत. महिन्याचा हप्ता साधारण साडेतेरा हजार येतो, आणि शिकत असताना साचलेलं व्याज धरलं तर त्याहून जास्त. या क्षेत्रात सुरुवात छोट्या पगारावर होते. घरी बजेट मांडताना महिन्याला वीस-पंचवीस हजार धरूनच चाला. मुंबईत खोलीचं भाडं आणि हा हप्ता दिल्यावर हातात काय उरतं ते मुलाने आणि वडिलांनी एकत्र बसून लिहून काढावं. हा कागद लिहून झाल्यावरही निर्णय बदलला नाही, तर बेलाशक प्रवेश घ्या.

दोन सवलती माहीत असाव्यात. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते, पण फक्त योजनेच्या यादीतल्या संस्थांसाठी. त्यामुळे प्रवेशाआधी संस्थेचं नाव त्या यादीत शोधा. दुसरी राज्याची. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना एमबीएसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी, की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. अभिमत आणि खासगी विद्यापीठं यात येत नाहीत. म्हणजे एकाच मुलीने संलग्न महाविद्यालयात मार्केटिंगचं एमबीए केलं तर शिक्षण शुल्क शून्य, आणि खासगी विद्यापीठात स्पोर्ट्सचं एमबीए केलं तर सगळी फी खिशातून. ही तफावत मनात ठेवूनच दोन्ही माहितीपत्रकं शेजारी ठेवा.

पायरी ७: पदवीची वर्षं मैदानावर

पदवी कुठलीही असो, नोकरी मिळते ती केलेल्या कामावर. आणि हे काम करायला मुंबईला जावं लागतं असं नाही.

पहिल्या वर्षी तुमच्या तालुक्यातली कबड्डी किंवा कुस्तीची स्पर्धा गाठा आणि मंडळाच्या अध्यक्षांना सांगा, 'दादा, या वर्षीचा हिशेब मी ठेवतो.' कोणी नाही म्हणणार नाही, कारण ते काम कुणालाच नको असतं. मॅटचं भाडं, मंडप, दिवे, जनरेटर, पंचांचं मानधन, संघांचं जेवण आणि राहण्याची सोय, ॲम्ब्युलन्स, ध्वनिक्षेपकाची परवानगी, पोलीस ठाण्याचं पत्र, चषक, रोख बक्षिसं हे सगळं एका तक्त्यात आणा. दुसऱ्या बाजूला वर्गणी, प्रवेश फी आणि प्रायोजक. फ्लेक्सवर कोणाचं नाव केवढ्या अक्षरात आणि त्याने किती दिले, तेही लिहा. मग स्पर्धा संपल्यावर, कोणी न सांगता, प्रत्येक प्रायोजकाला दोन पानांचा अहवाल द्या: प्रेक्षक किती आले, त्यांच्या पाटीचे फोटो, यूट्यूबवर सामना किती जणांनी पाहिला, स्थानिक वर्तमानपत्रातली कात्रणं. गावातल्या सराफाला किंवा ट्रॅक्टरच्या डीलरला असा कागद आयुष्यात कोणी दिलेला नसतो. पुढच्या वर्षी तो स्वतः फोन करतो. हीच दोन पानं तुमच्या पहिल्या मुलाखतीत बाहेर काढा. मोठ्या संघाच्या कार्यालयात हेच काम जास्त शून्यं लावून चालतं.

दुसऱ्या वर्षी नियमांकडे वळा. जिल्हा किंवा राज्य संघटनेची पंच परीक्षा द्या, क्रिकेट असेल तर गुणलेखकाची. पंच म्हणून किंवा गुणलेखक म्हणून मैदानावर उभं राहिलात की संघटनेतली माणसं नावानिशी ओळखायला लागतात, आणि या क्षेत्रातल्या निम्म्या जागा अशाच ओळखीतून भरल्या जातात. याच काळात एखाद्या मोठ्या स्पर्धेत स्वयंसेवक व्हा. मॅरेथॉनच्या आधी धावपटूंना बिब, म्हणजे छातीवर लावायचे क्रमांक, वाटण्याच्या काउंटरवर एक दिवस उभं राहिलं तरी गर्दी, रांग आणि चिडलेला माणूस सांभाळणं म्हणजे काय ते कळतं.

शेवटच्या वर्षी लांबची, निदान दोन-तीन महिन्यांची इंटर्नशिप, आणि ती तुमच्या ठरलेल्या वाटेवरचीच. सोबत एक्सेल पक्कं करा आणि इंग्रजीत ईमेल लिहायचा सराव करा. मराठी माध्यमातल्या मुलांना इथे धास्ती वाटते. ती अनाठायी आहे. फार अलंकारिक इंग्रजी कोणी मागत नाही, पाच ओळींत मुद्दा, तारीख आणि रक्कम चुकता कामा नये एवढंच. उलट कबड्डी, खो-खो, कुस्ती या खेळांत खेळाडूच्या आईवडिलांशी मराठीत करार समजावून बोलणारा माणूस संघाला हवाच असतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. या खेळांचं माहेर आपल्याकडे आहे, तर त्यांचं व्यवस्थापन करणारी माणसंही इथलीच का नसावीत?

पायरी ८: पदव्युत्तर शिक्षण

पदवीनंतर लगेच न घेता एक-दोन वर्षं काम करून घेतलेलं पदव्युत्तर शिक्षण जास्त फळतं, कारण वर्गात काय विचारायचं ते तोवर कळलेलं असतं.

पुण्यात सिम्बायोसिसच्या क्रीडाविज्ञान विभागात स्पोर्ट्स मॅनेजमेंटचं एमबीए आहे. मुंबईतल्या संस्थेचा उल्लेख वर आलाच. राज्याबाहेर कोलकात्याच्या आयआयएसडब्ल्यूबीएम या व्यवस्थापन संस्थेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम जुना आहे. नोकरी न सोडता शिकायचं असेल तर आयआयएम रोहतकचा नोकरदारांसाठीचा पदविका अभ्यासक्रम आहे. विश्लेषण किंवा विक्रीची वाट असेल तर मात्र चांगल्या संस्थेतलं साधं एमबीए किंवा संख्याशास्त्राचं एमएस्सी यांपैकी कशालाही भारी पडेल, असं माझं ठाम मत आहे.

परदेशाचं आकर्षण मोठं आहे. अमेरिकेत ओहायो विद्यापीठाने १९६६ मध्ये या विषयाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठाचं नाव मोठं आहे. फिफा मास्टर हा अभ्यासक्रम तर लेस्टर, मिलान आणि न्यूशातेल अशा तीन शहरांत मिळून होतो. शिक्षण उत्तम, ओळखीही जगभरच्या होतात. पण परदेशी क्लब व्हिसाचा खर्च उचलून नवख्या भारतीयाला घेतील या आशेवर कर्ज काढू नका. जायचं तर तीन-चार वर्षांच्या अनुभवानंतर आणि परत येऊन काय करायचं ते ठरवून. अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा मिळाल्या आहेत. त्याआधीची दोन-तीन वर्षं देशात अनुभवी माणसांना मागणी राहील. आज बारावीत असलेला विद्यार्थी तोवर पदवी आणि थोडाफार अनुभव घेऊन नेमका तयार होतो.

आधीच दुसऱ्या पदवीला प्रवेश घेतला असेल तर

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, बीए इतिहास करताय, बीएस्सी रसायनशास्त्र निम्म्यात आहे, तर ते सोडू नका. पदवी पूर्ण करा, सातवी पायरी आजपासून सुरू करा आणि महाविद्यालयाच्या जिमखान्यात जाऊन क्रीडा संचालकांना भेटा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे सामने लावणं, संघांशी पत्रव्यवहार, मैदानाची बुकिंग, बिलं हे सगळं ते बहुधा एकटेच बघत असतात. 'सर, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं वेळापत्रक मी करून देतो' एवढं म्हणा, आणि पुढच्या आठवड्यात ते करून त्यांच्या टेबलावर ठेवा.